मुकी गरमी

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसले होते, आणि खरं सांगायचं तर मी त्या वेळी खूश होते. समोर भौतिकशास्त्राचं जाड पुस्तक उघडं होतं आणि त्यातलं एक पान मला पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय कळलं होतं. मामीचा फोन दोनदा कट केला. तिसऱ्यांदा बाहेर जिन्यात जाऊन उचलला. मामी एवढंच म्हणाली, "वैशे, कारखान्यात ये. घरी नको, कारखान्यात." आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला भीती वाटली.

दत्तूमामा कंप्रेसरच्या खोलीत त्यांच्या लाकडी स्टुलावर बसल्या बसल्याच गेले. भिंतीला टेकून, डोळे मिटून. यंत्राचा आवाज ते नेहमी डोळे मिटूनच ऐकायचे. त्यामुळे बर्फाच्या लाद्या उचलणारी माणसं दोनदा दारातून डोकावून परत गेली. मामा ऐकतायत, बोलायला नको, असं त्यांना वाटलं. तेवढा वेळ यंत्र मात्र नीट चाललं होतं... हे लिहिताना मला रडू येत नाही, उलट थोडा अभिमानच वाटतो. हे बरोबर आहे का, माहीत नाही. आता पाच आठवडे झाले. मी कधी असं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझं गाव पेठ वडगावच्या जवळ. घरी दोन म्हशी, थोडी जमीन, आणि दहावीच्या पुढं कुणीच गेलेलं नाही. मी बारावी झाले तेव्हा वडिलांनी आईच्या थोरल्या भावाला, म्हणजे दत्तूमामांना, फोन केला. मामा म्हणाले, "पाठव की. दोन खोल्या हायत, त्यातली एक तिची." शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांपैकी एक खरोखर माझी झाली. मामा आणि मामी स्वयंपाकघरात झोपायला लागले, आणि याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

मामा बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कळंब्याच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणारही नाही असा पत्र्याचा जुना कारखाना. शिक्षण सातवी. अंगाला कायम मिठाचा आणि अमोनियाचा वास. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मला आत नेलं. आत लाकडी फळ्यांनी झाकलेला एक मोठा हौद होता. मामांनी एक फळी उचलली. खाली काळसर पाणी, आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेले पत्र्याचे लांब डबे, ओळीनं. बाहेरचं पाणी मिठाचं. शून्याच्या खाली गेलं तरी ते गोठत नाही. डब्यातलं पाणी गोडं. ते गोठतं, आणि त्याची लादी होते.

"थंडी कुठनं येते हितं?" मामांनी विचारलं.

मी म्हणाले, "यंत्रातून."

"चूक. थंडी नसतीच पोरी. जगात गरमीच असती. कुठं जास्त, कुठं कमी. आपण बर्फ करत न्हाय, आपण पाण्यातली गरमी काढून घेतो. बर्फ आपोआप होतोय."

मग त्यांनी पांढऱ्या हिमानं माखलेल्या नळ्या दाखवल्या. त्यांच्या आत अमोनिया उकळतोय, असं ते म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. उकळतोय? एवढ्या गारठ्यात? "व्हय, उकळतोय. त्याचा तो स्वभाव हाय. त्याला उकळायला गरमी लागती, ती तो पाण्याकडनं घेतो, वाफ होतो, वर छपरावर जाऊन ती गरमी टाकतो, परत द्रव होऊन खाली येतो. हमाल हाय नुसता." मी त्या दिवशी पेठेत परत आले ती जवळजवळ पळतच. बर्फ करायला काहीतरी उकळावं लागतं! स्थायू, द्रव, वायू हे तीन शब्द मी शाळेत कितीदा पाठ केले होते, पण ते तिघं एका छपराखाली एकमेकांसाठी राबतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण कॉलेजात मात्र माझं काही खरं नव्हतं. माझी सगळी शाळा मराठीत झालेली. इथं फळ्यावर इंग्रजी, पुस्तकात इंग्रजी, पुढच्या बाकावरची मुलं प्रश्नही इंग्रजीत विचारायची. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. एकदा हजेरीला 'येस सर' म्हणायच्या जागी 'हजर' म्हणाले, तर आठवडाभर मला सगळे हजर म्हणत होते. दिवाळीनंतर मी शाखा बदलायचा अर्ज आणला. विज्ञान सोडून कला शाखेत जायचं. सगळा भरला. फक्त पालकांची सही राहिली होती. वडिलांना सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मामांची सही घ्यायची असं ठरवून मी दुपारी कारखान्यात गेले.

मामांनी अर्ज वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग म्हणाले, "अडलंय काय नेमकं?"

"सगळंच."

"सगळं कुणाचं अडत न्हाय. एक सांग."

मी पिशवीतून वही काढली. त्या आठवड्यात जे चाललं होतं तेच सांगितलं. "लेटंट हीट."

"ही आणि कोण?"

मला हसू आलं, पण मामा गंभीर होते. मग मी वहीतलं इंग्रजी वाक्य अडखळत अडखळत मराठीत केलं. बर्फाला उष्णता दिली तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमान वाढत नाही. पाण्यातली उष्णता काढून घेतली तरी ते पूर्ण गोठेपर्यंत तापमान उतरत नाही. ती जी उष्णता तापमापीला दिसत नाही, तिला...

मामांनी मांडीवर थाप मारली. "अगं ही तर आपली मुकी गरमी!"

त्यांनी मला हौदाकडं ओढतच नेलं. एका डब्यात त्यांनी दोरीला बांधून तापमापी सोडलेली होती. "सकाळी बघितलं तवा शून्य. आता बघ." शून्य. "संध्याकाळी बी शून्यच असणार. यंत्र चालू हाय, हमाल राबतोय, गरमी निघतीया, पण काटा ढिम्म. का? कारण ही गरमी बोलत न्हाय. काट्याला न सांगता जाती. नवीन पोरं घाबरत्यात, म्हणत्यात यंत्र बिघडलं. मी म्हणतो, थांबा, मुकी गरमी निघाल्याली हाय. ती संपली की काटा परत बोलंल."

मी त्या डब्याकडं बघत राहिले. आणि मला एकदम शाळेतला शब्द आठवला... अप्रकट उष्मा. दहावीत या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते! बर्फ, वितळणं, वाफ, तो आलेखातला सपाट भाग, सगळं मला येत होतं. मी आठवडाभर ज्या बाईला घाबरत होते ती माझ्या ओळखीची निघाली, फक्त नाव बदलून आलेली. मी हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्या अर्जावर सही कुठं करू?" मी म्हणाले, राहू दे. तो अर्ज पुढं बरेच दिवस पिशवीत होता. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी गणितं सोडवली.

पण त्याच दिवशी मामांनीही मला एक काम दिलं. मी निघताना ते म्हणाले, "वैशे, तुझ्या त्या पुस्तकात एक बघ की. ही मुकी गरमी काट्याला न सांगता पाण्याच्या आत करती काय? एवढी वर्षं झाली, मी हजार जणांना विचारलं. यंत्र बसवायला इंजिनिअर येत्यात, त्यांना बी विचारलं. ते म्हणत्यात, तू तुझा काटा बघ."

विचारून सांगते, असं मी म्हणाले. आणि मग काही महिने सांगितलं नाही. पुस्तकात उत्तर असणार, पण मला त्या परिच्छेदातून वाट सापडत नव्हती. सरांना विचारावं तर वर्गात हात वर करावा लागणार. मी रोज ठरवायचे, आज विचारायचं. तास संपायचा. डबा घेऊन गेले की मामा नुसतं बघायचे. विचारायचे नाहीत. "न्हाय अजून," मी म्हणायचे. "असू दे. एवढी वर्षं थांबलंय," ते म्हणायचे. या माणसानं स्वतःची खोली मला दिली होती, आणि बदल्यात एक प्रश्न दिला होता, आणि मला तो चार माणसांत मोठ्यानं विचारता येत नव्हता.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातल्या एक वयस्कर मॅडम होत्या. माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी रडकुंडीला आणलं होतं. मी बसले. त्यांनी माझी जर्नल चाळली आणि इंग्रजीत विचारलं, लेटंट हीट म्हणजे काय? मला सगळं येत होतं. व्याख्या तीनदा लिहून काढली होती. पण तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं... "मुकी गरमी."

खोलीत आमचे सर होते, प्रयोगशाळेचे काका होते, रांगेतली दोन मुलं होती. मुलं फिसकन हसली. माझे कान तापले. मॅडमनी चष्मा काढला.

"काय म्हणालीस?"

"चुकलं मॅडम. अप्रकट... म्हणजे लेटंट..."

"नाही नाही, ते आधीचं. मुकी गरमी. हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. माझे मामा म्हणतात. बर्फाच्या कारखान्यात आहेत."

"का म्हणतात तसं?"

आणि मग काय झालं मला कळलं नाही, मी बोलायला लागले. हौद, डबे, मिठाचं पाणी, दोरीला बांधलेली तापमापी, उकळणारा अमोनिया, छपरावर टाकलेली गरमी. हात हलवून हलवून. मध्ये एकदा मी मॅडमच्या चहाच्या कपाला हमाल म्हणाले. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता हेच पाच वाक्यांत इंग्रजीत." ती पाच वाक्यं मी बोलले. मोडकी होती, पण पाचही पूर्ण झाली. मग त्यांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं असेल, "तुला काही विचारायचंय?"

मी म्हणाले, "हो. ही गरमी काट्याला न सांगता आत करते काय?"

मॅडमनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्याच जर्नलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं गोळे काढायला लागल्या. बर्फात पाण्याच्या कणांनी एकमेकांचे हात धरलेले असतात, त्या म्हणाल्या. प्रत्येकाची जागा ठरलेली. गरमी दिली की ती आधी हे हात सोडवण्यात खर्च होते. कण जोरात धावायला लागले तरच काटा चढतो. पण ही गरमी धावण्यात जात नाही, हात सोडवण्यात जाते, म्हणून काट्याला ती कळत नाही. आणि गोठताना उलटं. हात धरताना तेवढीच गरमी बाहेर पडते. "तुझ्या मामांचं यंत्र दिवसभर ती उपसत असतं," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग."

मी परीक्षेची सही करून सरळ कळंब्याची बस धरली. बसमध्ये मला बसवेना. ते पान हातात होतं. मामा आवाज ऐकत बसले होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगायला लागले, धाप लागलेली, मागचं पुढं होत होतं. हात धरायचे म्हणून मी माझेच दोन हात एकमेकांत अडकवून दाखवले, सोडवून दाखवले. मामा ऐकत होते. मी थांबले. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. मला वाटलं, झालं, मला नीट सांगताच आलं नाही. इतक्या दिवसांचा प्रश्न आणि मी त्याचं असं भजं केलं.

मामा उठले, हौदाच्या कडेची एक फळी बाजूला करून त्यांनी खालून प्लास्टिकची एक बाटली अगदी हळू वर काढली. बाटलीत पाणी होतं. "हे शून्याच्या खाली गेलंय. तरी पाणी हाय. स्वच्छ पाणी, आणि धक्का लागला न्हाय. ह्याला अजून कळलंच न्हाय की आपण बर्फ हाय." मग त्यांनी बाटलीवर बोटानं टिचकी मारली. मी शपथेवर सांगते, वरून खालपर्यंत पांढरी लाट धावत गेली आणि बघता बघता सगळी बाटली गोठली! मी ओरडलेच. मामा ओरडले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते, एखादं लहान मूल बघतं तसं, डोळे मोठे करून.

"सगळ्यांनी हात धरलं, हे कळलं," ते म्हणाले. "पर पैला हात कोण धरतं?"

तेवढ्यात कंप्रेसरचा आवाज किंचित बदलला, मला तर ऐकूही आला नाही, आणि मामा झटकन आत गेले. मी थोडा वेळ थांबून घरी आले. आमचं नीट असं बोलणं झालं ते तेवढंच शेवटचं. पुढच्या आठवड्यात मामीचा तो फोन आला.

मामांच्या तेराव्या दिवसाला घरी बरीच माणसं आली. मासळी बाजारातली एक म्हातारी बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि मला न्याहाळत म्हणाली, "तूच व्हय ती शोध लावल्याली?"

मी म्हणाले, "कसला शोध?"

"बर्फाचा गं. तुजा मामा लादी देताना म्हनला, मावशी, आत कणांनी हात धरल्यात, ते सुटस्तवर बर्फ गरम होत न्हाय, म्हणून तुजं मासं टिकत्यात. भाचीनं शोध लावलाय म्हनला. मी म्हनलं, बरं झालं बाई, कुणीतरी लावला."

तिच्या मागं बसलेला बर्फाचा गोळेवाला म्हणाला, "मला बी सांगितलंय. हात करून दाखवलं." आणि त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. मी केली होती अगदी तशी. मामी आतून म्हणाली, "तालमीत जाऊन पैलवानांना बी सांगत हुते. पोरं म्हणायची, दत्तूअण्णा, आता बास." मला हसू आणि रडू एकदम आलं. हा शोध फार जुना आहे, मी लावलेला नाही, हे मी त्या मावशींना समजावत बसले. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

म्हणजे ते 'बरं' म्हणाले होते ते माझं सांगणं फसलं म्हणून नव्हे. ते आत ठेवून घेत होते.

मागच्या शनिवारी मी मामांचे कपडे आणायला कारखान्यात गेले. त्यांच्या जागी नवे ऑपरेटर आलेत, तिशीतले, शांत. कंप्रेसरच्या खोलीत भिंतीला एक काळा फळा आहे, त्यावर रोजचं तापमान आणि दाब खडूनं लिहितात. मी तो कधी नीट बघितला नव्हता. ऑपरेटर म्हणाले, "ताई, तेवढं उजव्या कोपऱ्यातलं मी पुसलेलं न्हाय. तुमचं हाय ते."

कोपऱ्यात मामांचं अक्षर होतं. मोठं, तिरकं. वर लिहिलं होतं, 'वैशालीला विचारणे'. त्याच्या खाली, एकाखाली एक. बर्फावर मीठ टाकलं की बर्फ पातळ होतो, मग हात जास्त का गारठतो. कापूर ओला न होता संपतो कुठं. पैला हात कोण धरतं. आणि शेवटी, घट्ट झालेली वस्तू बुडाया पायजे, लादी तरंगते कशी.

मी तिथंच उभी राहिले. पहिल्याचं उत्तर मला अर्धं येतं. कापराचं शाळेत शिकलेय, पण का ते सांगता येणार नाही. तिसरं मी सोमवारी वर्गात विचारलं होतं. हो, उभं राहून, अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत! सर म्हणाले, यावर अजून जगभर माणसं डोकं फोडतायत, तू बी.एस्सी. पूर्ण कर आणि त्यांच्यात जाऊन बस.

पण चौथं... चौथ्याकडं बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. हात धरायचे, म्हणजे हातभर अंतरावर उभं राहावं लागणार! गर्दीत माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात, थोड्या जागेत मावतात. पण त्यांनाच झिम्म्याचा फेर धरायला सांगितला, तर मधे रिकामी जागा सुटते आणि सगळं अंगण लागतं. पाण्याचे कण तेवढेच, वजन तेवढंच, पण हात धरल्यावर जागा जास्त. म्हणून बर्फ हलका. म्हणून तरंगतो! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात असेल, असणारच, पण त्या क्षणी ते माझं मला सापडलं होतं, मामांच्या अक्षरासमोर.

"आलं," मी म्हणाले.

"काय?" ऑपरेटरनी कानामागं हात धरला.

"शेवटच्याचं उत्तर. लादी तरंगते त्याचं."

"मग सांगा की. मला बी नड हाय त्याची. आणि जरा मोठ्यानं ताई, यंत्र चालू हाय."

मी मोठ्यानं सांगितलं.